अंदमानचं घड्याळ

अंदमानला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या मंडळींना 'कसं वाटलं?' असं विचारलं, की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'समुद्र काय निळा आहे हो!' हे पहिलं. आणि 'पण पाच वाजताच अंधार पडतो, दिवस पुरतच नाही,' हे दुसरं. पहिल्याबद्दल वाद नाही. दुसऱ्याबद्दल मात्र मला थोडं बोलायचं आहे. अंदमानातला दिवस लहान नसतो. तो आपल्याआधी उठतो, एवढंच. आपण मुंबई-पुण्याचं घड्याळ मनगटावर बांधून तिथे जातो आणि दिवसाचा सर्वांत चांगला भाग झोपेत नाहीतर नाश्त्याच्या रांगेत घालवतो.

हिशेब शाळेतल्या भूगोलाचा आहे. पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर २०२४ पासून या शहराचं नाव श्री विजयपुरम झालं आहे) जवळजवळ त्र्याण्णव अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबई आहे त्र्याहत्तरच्या आसपास. फरक वीस अंशांचा. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात, म्हणजे तिथला सूर्य आपल्यापेक्षा ऐंशी मिनिटं पुढे. पण घड्याळ देशभर एकच, साडेब्याऐंशी अंशांवरचं. शेजारच्या म्यानमारने आपलं घड्याळ एक तास पुढे ठेवलं आहे. अंदमानला ती मुभा नाही. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि मे महिन्यात पहाटे पाचला ऊन येतं.

आता आपला नेहमीचा दिनक्रम आठवा. सातला चहा, नऊला नाश्ता, आवरून दहाला बाहेर. किनाऱ्यावर पोचेपर्यंत डोक्यावर ऊन. मग जेवण, वामकुक्षी, आणि 'चला, जरा समुद्रावर जाऊ' म्हणेस्तोवर दिवेलागण. उपाय साधा आहे. घरी जे सातला करता, ते तिथे पावणेसहाला करा. पहाटे साडेपाचच्या किनाऱ्यावर वारा पडलेला असतो, पाणी काचेसारखं असतं आणि पर्यटक जवळजवळ कोणी नसतो. दुपारी अकरा ते दोन खुशाल झोपा. रात्री नऊला बेटं निजतात, तुम्हीही निजा.

पहिला दिवस बहुतेकांचा सेल्युलर जेलचा असतो, आणि मराठी माणसाच्या बाबतीत तो असणारच. सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत इथे होते. थोरले बंधू बाबारावही इथेच होते. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या त्या कोठडीसमोर आपली मंडळी गप्प होतात, बायका पायातल्या चपला काढतात. पण तेवढंच पाहून परत फिरू नका. ही इमारत नीट समजून घेण्यासारखी आहे. १८९६ मध्ये काम सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. मधे टेहळणीचा मनोरा आणि त्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती. प्रत्येक इमारतीतल्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. म्हणजे शेकडो कैदी एका आवारात राहायचे, पण एकाला दुसऱ्याचं तोंड दिसायचं नाही. भिंतीत झरोका होता, तोही हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. छळासाठी कोलू होताच. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, बैलासारखं फिरून. पण मला त्या कोलूपेक्षाही दारं एकमेकांकडे पाठ करून बांधण्याची ती कल्पना जास्त क्रूर वाटते. कोणीतरी कागदावर शांतपणे आखलेली ती गोष्ट आहे. आज सातांपैकी तीनच इमारती उभ्या आहेत. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं आहेत. ती वाचायला अर्धा तास काढा. बंगालची नावं संपता संपत नाहीत, पंजाबची तशीच. आपण एका नावासाठी आलेलो असतो, आणि भिंत भरून नावं निघतात.

संध्याकाळी तिथे ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो. लवकर पडणारा अंधार इथे फायद्याचा ठरतो. कार्यक्रम आटोपूनही जेवायच्या वेळेला तुम्ही खोलीवर असता.

समोरच रॉस बेट आहे. २०१८ च्या डिसेंबरात त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. त्याच वेळी हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. हॅवलॉक आणि नील हे दोघेही १८५७ चा उठाव चिरडणारे इंग्रज सेनाधिकारी, त्यामुळे ती नावं गेली याचं दुःख करण्याचं कारण नाही. बोटवाल्यांच्या तोंडी मात्र जुनी नावं अजून आहेत, म्हणून मीही इथे तीच वापरतो. रॉस ही इंग्रजांची राजधानी होती. चर्च, बेकरी, नाचघर, टेनिसचं मैदान, सगळा थाट. १९४१ च्या जूनमध्ये मोठा भूकंप झाला, पुढच्याच वर्षी जपानी आले, आणि बेट ओस पडलं. आता वड-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी भिंती मुळांत धरून ठेवल्या आहेत. काही ठिकाणी भिंत पडली आहे आणि मुळंच भिंतीच्या आकारात उभी आहेत. हरणं अंगाशी येतात. बोटीवाले घाई करतात, पण निदान दोन तास मागून घ्या.

सूर्यास्ताची हौस असेल तर माउंट हॅरिएटवर जा. २०२१ मध्ये त्याचं नाव माउंट मणिपूर ठेवलं, कारण १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र सिंह आणि त्यांच्या साथीदारांना इथेच हद्दपार करून ठेवलं होतं. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच डोंगरावर सूर्यास्त पाहायला चढला होता. उतरून बोटीकडे जाईपर्यंत अंधार झाला, आणि धक्क्यावर शेर अली या कैद्याने त्याला सुरा मारला. वीस रुपयांच्या जुन्या लाल नोटेवरचा नारळी आणि दीपस्तंभाचा देखावा इकडचाच. २०१९ मध्ये नवी नोट आली, तिच्यावर आपलं वेरूळ आहे. जुनी नोट खिशात असेल तर बरोबर न्या. मुलांना ताडून पाहायला मजा येते.

आतापर्यंत सूर्याचं सांगितलं. पण या बेटांच्या घड्याळाला दुसरा काटाही आहे, तो भरती-ओहोटीचा. कोकणातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. तिथी सांगितली की तिची पाऊणपट करून तो भरतीची वेळ सांगतो. मात्र भरतीची वेळ किनाऱ्यागणिक बदलते, त्यामुळे तो हिशेब अंदमानात जसाच्या तसा लावू नका. उतरल्या उतरल्या हॉटेलात किंवा बोटवाल्याला 'उद्या ओहोटी किती वाजता?' एवढं विचारायचं. रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे लक्षात ठेवलं की पुढच्या चार दिवसांचं वेळापत्रक तुमचं तुम्हालाच मांडता येतं.

हे का महत्त्वाचं, ते नील बेटावर कळतं. हे बेट इतकं लहान आहे की सायकलवर दिवसात फिरून होतं. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं गेलं. त्यांनी गावांना रामायणातली नावं दिली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. (हॅवलॉकवर गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर, तिकडे कृष्ण आणि इकडे राम!) लक्ष्मणपूरच्या पलीकडे प्रवाळखडकाची एक नैसर्गिक कमान आहे. गावकरी तिला 'हावडा ब्रिज' म्हणतात. तिकडे जायची वाट खडकांतून आहे, आणि ती ओहोटीलाच मोकळी होते. भरतीला गेलात तर पाण्यातून धडपडत जावं लागतं आणि बघण्यासारखं जे असतं ते पाण्याखाली गेलेलं असतं. ओहोटीला मात्र खडकांमध्ये शेकडो डबकी उरतात आणि प्रत्येकात एक संसार चाललेला असतो. समुद्रकाकडी असते, खेकडे असतात, निळ्या ओठांचा मोठा शिंपला असतो, बोटाएवढे रंगीत मासे असतात. पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांना समुद्राचा तळ दाखवायचा असेल तर यासारखी जागा नाही. उलट भरतपूरचा किनारा पोहण्याचा. तिथे ओहोटीला गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागतं. एकाच दिवशी दोन्ही करायचं तर आधी कुठे आणि नंतर कुठे, हे समुद्रच ठरवतो. छापील कार्यक्रमात मात्र 'सकाळी नैसर्गिक पूल, दुपारी भरतपूर' असं वर्षभर एकच लिहिलेलं असतं.

या डबक्यांत फिरताना पाय कुठे पडतो ते पाहा. वाळूवर किंवा बोडक्या खडकावर चालावं, पोवळ्यावर नाही. पोवळं म्हणजे दगड नव्हे, तो प्राणी आहे. लाखो बारीक जीवांनी मिळून बांधलेली चाळ म्हणा. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्यांना अन्न पुरवतं आणि रंगही देतं. पाणी फार तापलं की हे बिऱ्हाड बाहेर पडतं आणि पोवळं पांढरंफटक होतं. लवकर थंडावा आला तर शैवाल परत येतं, नाहीतर पोवळं उपाशी मरतं. अंदमानात २०१० मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं, पुन्हा २०१६ मध्ये झालं. जे आजारातून उठतंय त्याच्यावर आपण उभं राहून फोटो काढायचा, हे काही बरं नाही. किनाऱ्यावर पडलेला पोवळ्याचा तुकडाही उचलू नका. वन्यजीव कायद्याने प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

पाण्यात उतरायचं असेल तर माझं मत सांगतो. डोक्यावर शिरस्त्राण घालून तळाशी चालवतात तो 'सी वॉक' मला ओकाबोका वाटला; मासे खाऊ टाकून बोलावलेले असतात. त्यापेक्षा हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर चष्मा आणि नळी लावून तरंगणं फार छान. पोहता येत नसलं तरी रबरी कडं धरून माणूस घेऊन जातो. एक-दोन वेळा नाकातोंडात पाणी जातं, मग खाली जे दिसतं त्यात भान राहत नाही. स्कूबाचं पहिलं डायव्ह करायलाही पोहता यावं लागत नाही; प्रशिक्षक धरून नेतो. मात्र दमा, रक्तदाब, हृदयविकार, कानाची तक्रार यांविषयी जो अर्ज भरायला देतात तो खरा भरा. आणि स्कूबा केल्यानंतर निदान अठरा तास, शक्यतो चोवीस तास, विमानात बसू नका. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. लगेच उंचावर गेलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून हॅवलॉक आधी आणि शहर शेवटी, असा क्रम लावा. वारा सुटला तर बोटी रद्द होतात, त्यासाठीही शेवटचा दिवस मोकळा ठेवणं शहाणपणाचं. शक्यतो डिसेंबर ते एप्रिल जा. मेच्या मध्यापासून पावसाळा लागतो. मगरीच्या इशाऱ्याची पाटी दिसली तर ती गंमत म्हणून लावलेली नाही, एवढंही सांगून ठेवतो. खाडीच्या तोंडाशी पोहू नये.

शहरातून बाहेर पडल्यावर वाटेत सिप्पीघाट लागतं. गाडीवाला थांबत नाही, तुम्ही थांबवा. रस्त्याच्या बाजूला पाणी आणि त्यात वाळलेले खुंट दिसतील. इथे पूर्वी शेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इथली जमीन सुमारे मीटरभर खचली. सुनामीची लाट आली आणि ओसरली, पण जमीन परत वर आली नाही, त्यामुळे भरतीचं पाणी शेतात शिरलं ते कायमचंच. त्याच भूकंपाने उत्तर अंदमानातली जमीन उचलली आणि तिकडचे प्रवाळ उघडे पडून मेले. एक टोक खाली, एक वर, तराजूसारखं. सिप्पीघाटच्या त्या बुडालेल्या शेतांत आता बगळे, बदकं आणि पाणकोंबड्या असतात; पक्षी पाहणारे दुर्बिणी घेऊन येतात. शेत ज्याचं होतं त्याचं काय झालं, हे गाडीवाल्याला विचारा. बहुतेकांच्या नात्यात कोणी ना कोणी निघतं.

आता एका सहलीबद्दल. ही सहल मी केली नाही आणि तुम्हीही करू नये, असं मला वाटतं. ती म्हणजे बाराटांगची. तिथे चुनखडीच्या गुहा आहेत, खाजणातून बोटीची सफर आहे, चिखलाचा ज्वालामुखी आहे. गुहा खऱ्या आहेत, चांगल्याही आहेत. पण रात्री तीनला उठवून सहाच्या ताफ्यात गाड्या लावतात त्या रस्त्यासाठी. रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो, आणि गाडीतल्या निम्म्या लोकांचं लक्ष गुहांकडे नसतं. 'जारवा दिसतील ना?' हा प्रश्न मी हॉटेलच्या दारात मराठीतून विचारलेला ऐकला आहे, अभयारण्यात वाघाबद्दल विचारतात त्याच सुरात.

ही माणसं हजारो वर्षं या जंगलात शिकार करून, मध आणि कंद गोळा करून राहत आली. जारवा हे नावसुद्धा त्यांचं नाही, शेजारच्या जमातीने परक्यांसाठी वापरलेला तो शब्द आहे. ते स्वतःला 'आंग' म्हणतात. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० होती. आपल्या एखाद्या गृहसंकुलात याहून जास्त माणसं राहतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते बाहेरच्यांशी फटकून होते. जवळ येऊ लागले आणि १९९९ मध्ये गोवराची साथ आली. आपल्या मुलांना लस टोचलेली असते, त्यांच्या शरीराला त्या रोगाची ओळखच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तरी तो चालू राहिला. २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना खाण्यासाठी नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर दाखवली गेली. आता वाटेत थांबायला, खाऊ द्यायला, फोटो काढायला बंदी आहे, आणि शिक्षाही आहे. पण काचेआडून टक लावून पाहण्यावर बंदी कशी घालणार? रस्ता उत्तरेकडच्या लोकांच्याही रोजच्या वापराचा आहे, त्यांची अडचण मी समजू शकतो. आपली काय अडचण आहे? तो वाचलेला दिवस नीलवर आणखी एक ओहोटी पाहायला द्या.

राहिला तिसरा काटा, चंद्राचा. बहुतेक जण पौर्णिमा गाठून जातात. मी म्हणेन, घरातलं कालनिर्णय काढा आणि अमावास्येच्या आसपासचे चार दिवस निवडा. अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोलवर जाते. दिवसा नीलचे खडक जास्त उघडे पडतात. आणि रात्री हॅवलॉकला काळोख मिळतो. दिव्यांपासून लांब, जाणत्या माणसाबरोबर, लहान होडीत बसून आत जायचं आणि हात पाण्यात फिरवायचा. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवले की निळसर उजळतात, आणि तुमच्या बोटांमागे प्रकाशाची रेघ उमटते. वल्हं मारलं की ठिणग्या. एखादा मासा होडीखालून निघाला तर त्याची वाट दिसते, मासा दिसत नाही. कॅमेऱ्यात यातलं सहसा काही येत नाही, तो खोलीवरच ठेवा. होडी ठरवताना चंद्रोदय किती वाजता, ते मात्र विचारून घ्या. चंद्र वर आला की हे सगळं पुसून जातं.